पडदे वर घ्यायचे राहिले

आमच्या भावकीत मी विसरभोळी म्हणून ठरलेली आहे. हळदीकुंकवाला मी ओटीचं ताट घेऊन पुढे झाले तरी एखादी काकी विचारते, "नारळ घेतलास नव्हं, का ऱ्हायला घरात?" आणि सगळ्या हसतात. मीही हसते. नारळ ताटातच असतो, सगळ्यांना दिसतही असतो.

मला खरं तर खूप गोष्टी लक्षात राहतात. कुठल्या काकीला कोणत्या कपातला चहा लागतो, कोण कुणाशी कधीपासून बोलत नाही, आईनं मागच्या सोमवारी काय म्हटलं होतं आणि म्हणताना ती कुठं बघत होती, सगळं. पण जे करायचं आहे ते लक्षात ठेवणं वेगळं, आणि जे झालं ते लक्षात ठेवणं वेगळं. घरच्यांना फक्त पहिल्याचा हिशोब लागतो. आणि त्या हिशोबात माझ्या नावावर एक दुपार कायमची लिहून ठेवलेली आहे.

आमचं गाव तासगावपासून थोडं पुढे. द्राक्षबाग आहे आणि बागेच्या कडेला बेदाण्याचं शेड. वर पत्रा, चारी बाजू उघड्या, आत तारेच्या जाळ्यांचे एकावर एक मजले. द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवून त्या जाळ्यांवर पसरायचे आणि बारा-पंधरा दिवस नुसता वारा फिरू द्यायचा. ऊन थेट लागलं तर बेदाण्याचा हिरवा रंग जाऊन तो लाल पडतो, आणि लाल मालाला भाव नाही. पाऊस लागला तर माल जातो. म्हणून चारी बाजूंना ताडपत्रीचे पडदे वर गुंडाळून बांधलेले असतात. आभाळ आलं की दोर सोडून ते खाली घ्यायचे, आभाळ गेलं की पुन्हा वर.

मी सातवीत असताना एका दुपारी मला शेडजवळ बसवून आई बागेत पाणी बघायला गेली होती. "आभाळ आलं की तात्यांना हाक मार," एवढंच सांगितलं होतं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. तेव्हा शेड तेच बघायचे. मी माझं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसले. आभाळ आलं. ते मला दिसलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं नीट लिहिते: आभाळ मला दिसलं. तात्या पलीकडे चिंचेखाली सात-आठ गड्यांबरोबर भाकरी खात बसले होते, मोठमोठ्यानं हसत होते. तेवढ्या माणसांच्या अंगावर ओरडायचं मला जमेना. मी उठून उभी राहिले. कुणीतरी वर बघेल असं वाटलं. दोन पावलं पुढे गेले, परत आले. मग थेंब आले, मग वारा, आणि गडी धावत सुटेपर्यंत एका बाजूच्या जाळ्या पार भिजल्या होत्या.

"आगं, बोलली का न्हाईस?" तात्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

मी म्हटलं, "विसरले."

तेच सांगायला सोपं होतं. लाजले म्हटलं असतं तर अजून दहा प्रश्न आले असते. विसरले म्हटल्यावर फक्त एक वाक्य आलं, "इंग्लिश मीडियमला घातली की पोरगी असं पुस्तकात बघत बसती," आणि विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं. तो विषय अजून चालू आहे.

त्या दिवसापासून मला आभाळाचं वेड लागलं. सांगलीला कॉलेजात होते तेव्हा वर्गाच्या खिडकीतूनही आधी आभाळ बघायची, मग फळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर विचारायलाच नको. आता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. टेबल मुद्दाम पश्चिमेच्या खिडकीशी घेतलं आहे, कारण आमच्याकडे आभाळ तिकडून भरतं. फोनमध्ये रोजचे अकरा गजर लावलेले आहेत. हे लोकांना माहीत नाही. विसरभोळी माणसं जशी वागतात असं त्यांना वाटतं, तशी मी एकही दिवस वागलेले नाही. मी त्याच्या उलट वागते, आणि तेच या वर्षी नडलं.

या वर्षी शेड आईच्या हातात आलं. वडील सैन्यात आहेत, वर्षातून दोनदा येतात. इतकी वर्षं शेड तात्या बघत होते, आणि आपल्याच बागेच्या मालाबद्दल आईला काही विचारायचं झालं तर मला मध्ये घालून विचारावं लागायचं. कारण आई आणि तात्या एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. भांडण नाही, तशी रीतच आहे. दोघं एकाच खोलीत असतात आणि तात्या म्हणतात, "तुझ्या आईला सांग, उद्या गडी न्हाईत." आई ऐकत असते. मी आईकडे बघते. आई म्हणते, "तात्यांना म्हण, बरं." मी तात्यांकडे बघते. लाजाळू माणसाला असलं काम देऊ नये, पण घरात तिसरं कुणी नसतं.

तर या वर्षी आईनं वडिलांना फोनवर सांगितलं, शेड मी बघते. तात्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "बघू दे की. एक वर्स बघू. माल लाल पडला तर पुढल्या सालापासनं परत माज्याकडं. कसं?" वडील तिकडून म्हणाले, "बरं, तसं करा." तसं म्हणजे कसं, हे त्यांनी विचारलं नाही. आई मात्र त्या दिवसापासून वेगळी चालायला लागली. पाठ सरळ, पाऊल जोरात. मला ते फार आवडलं होतं.

पहिल्या प्लॉटची द्राक्षं जाळीवर चढली आणि दुसऱ्याच दिवशी साताऱ्याहून फोन आला. मामाला दवाखान्यात नेलं होतं, पडून फुटलेल्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं आणि मामी एकटी. आईला तीन दिवस तरी जावं लागणार होतं. ती शेडच्या मधोमध उभी राहून किती तरी वेळ जाळ्यांकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. मी जाळीची तार चाचपत राहिले. मला हो म्हणायचं होतं, तरी.

"ऱ्हाशील का नीट?" ती म्हणाली.

"हो मम्मी."

"तात्यांना सांगून जाऊ का लक्ष ठेवाय?"

"नको."

हे नको जरा जोरात निघालं. आई हसली. मग तिनं काम सांगितलं, तिच्या पद्धतीनं. तिच्या सगळ्या आठवणी रस्त्यावर टांगलेल्या असतात. दुधाची गाडी गेली की शेडला एक फेरी मार. शाळेची पोरं परत आली की खालचे मजले हातानं चाचपून बघ, ओल धरली का. तिन्हीसांजेला तांबडी एस्टी गेली की देवाजवळ दिवा लाव. आणि आभाळ आलं की पडदे.

मी फोनमध्ये लिहून घेत होते. दुधाची गाडी म्हणजे सात वाजता, पोरं म्हणजे साडेपाच.

"आगं, फोनमदी कशाला? डोस्क्यात ठेव," आई म्हणाली. "गाडी उशिरा आली तर तुजा फोन काय करंल?"

मला राग आला. गाडी उशिरा आली तरी सात वाजता फेरी मारली तर काय बिघडतं, असं मनात आलं.

पहिल्या दिवशी दुपारी दोनला पश्चिमेला ढग दिसला. एकच, लहान. मी पळत गेले आणि चारही बाजूंचे दोर सोडले. शेडला कामाला येणारी एक मावशी आहे, आमच्या शेडवर तिची बरीच वर्षं गेली आहेत. ती बाहेर येऊन कपाळावर हात धरून आभाळ बघायला लागली.

"कुठं हाय गं पाऊस?"

"तिकडं ढग आहे ना."

"त्यो व्हय? त्यो हितवर बी यायाचा न्हाई. पडदं घे वर, आत घाम सुटंल मालाला."

मी तासाभरानं वर घेतले, तेही ती दोनदा म्हणाली म्हणून. दुसऱ्या दिवशी परत तसंच. मावशी म्हणाली, "तुजं आभाळ निराळंच हाय गं बाई," आणि मग तिनं नादच सोडला. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही, तिच्या माहेरी कुणाचं तरी कार्य होतं.

त्या तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास खरंच भरून आलं. वाराही सुटला. मी पळाले, चारही पडदे सोडले, खालचे कोपरे दगडांनी दाबले, दोर बांधले. हात सोलवटले. काम इतकं चोख झालं होतं की मी दोन मिनिटं थांबून नुसतं बघत राहिले. सातवीतली ती दुपार फिटली असं वाटलं. साडेचारला कंपनीची मीटिंग होती, मी घरी येऊन बसले. मीटिंगमध्ये मी पहिल्यांदाच स्वतःहून दोन वाक्यं बोलले. इतकी मी खूश होते.

पाऊस आला नाही. साडेपाचला आभाळ उघडलंही असेल. मला माहीत नाही, कारण मी त्यानंतर वर बघितलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर बघितलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. मागे दवाखान्याचा गलका होता, कुणीतरी मामाचं नाव पुकारत होतं.

"आभाळ आलतं म्हणं तिकडं?"

"हो. पडदे टाकले."

"लागलीच?"

"लगेच. थेंब पडायच्या आत."

"बरं झालं बाई," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तिनं पुढचं विचारलं नाही, कारण तिच्या डोक्यात पडदे सोडणं आणि वर घेणं हे एकच काम आहे. माझ्या डोक्यात ती दोन कामं होती. त्यातल्या पहिल्यावर माझी सगळी भीती बसलेली होती, म्हणून ते मला झोपेतही आठवलं असतं. दुसऱ्याला राखणारं कुणी नव्हतं. सातवीतल्या त्या दुपारी कुणी मला पडदे वर घेतले नाहीत म्हणून सगळ्यांसमोर विचारलं नव्हतं. ढग येतो तेव्हा दिसतो. ढग निघून गेला हे कुणी येऊन सांगत नाही.

साडेपाचचा गजर वाजला होता. खालचे मजले चाचपायचा. मी मीटिंगमध्ये होते, बंद केला. सकाळी सातचा वाजला, मी शेडला फेरी मारली. बाहेरून. पडदे खाली होते, दगड जागच्या जागी होते, सगळं मी केलं तसं होतं आणि मला बरं वाटलं. हे लिहितानाही मला स्वतःचा संताप येतो. मी चारही बाजूंनी फिरून, आपण किती चांगलं बांधलंय हे बघून परत आले.

नऊ वाजता मावशी आली. तिची हाक घरापर्यंत ऐकू आली.

आत गेले तर ओल्या, आंबूस वासानं नाक भरलं. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पाणी धरलं होतं. खालच्या तीन मजल्यांवरचे घड हाताला चिकटत होते. मावशी एकटीच पडदे वर ओढत होती. तिची घाई बघूनच किती झालंय ते मला कळलं. मी फोन काढून अकरा गजर बघितले. प्रत्येकाला मी नाव दिलेलं होतं. ढग बघ. ढग बघ. फेरी. ढग बघ. उघड असं एकाही गजरात लिहिलेलं नव्हतं.

आई दुपारी आली. साताऱ्याहून कराड, कराडहून तासगाव, उभ्यानं. पिशवी न ठेवताच शेडला गेली, एक मणी तोडून बोटात दाबला, वास घेतला. मी सगळं सांगितलं. कधी टाकले, कधी वर घेतले, किती वाजता. आई ऐकून म्हणाली, "आनि मी फोन केलता तवा?"

"तेव्हाही खालीच होते."

"मग मला सांगायचंस न्हाई?"

"तू विचारलं नाहीस."

हे बोलायला नको होतं. ती पिशवी घेऊन घरात गेली.

चार दिवसांत खालचे तीन मजले लाल पडले. वरचा माल हिरवा राहिला, पण खालचा लाल तो लालच. पाचव्या दिवशी सकाळी तात्या आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, खिशातून मूठभर बेदाणा काढून चटईवर ठेवला. म्हणजे ते आधी शेडला जाऊन आले होते. आईनं वडिलांना फोन लावला होता, आवाज मोठा करून.

तात्या फोनकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी पाऊस झाला, पडदं टाकायचं पोरगी इसरली. पैल्यासारकंच. आता ह्यात तुज्या बायकोचा काय दोष न्हाई, पन शेडला मानूस लागतं."

मला वाटलं आई बोलेल. आई चहाचा कप उचलत होती. तात्या मला म्हणाले, "इचार तुज्या आईला, पुढल्या प्लॉटचं कसं करायचं?"

मी विचारलं नाही. म्हणाले, "पाऊस झाला नव्हता."

"काय?"

"त्या दिवशी पाऊस झालाच नाही तात्या. पडदे मी टाकले होते. वर घ्यायचे राहिले."

तात्या हसले. रागानं नाही, अगदी मायेनं. "येकच की गं ते. इसरलीसच नव्हं?"

"एकच नाही."

"बरं, न्हाई तर न्हाई. माल लाल हाय का हिरवा?"

खालचा लालच होता. मी तिथं उभी राहून एवढंच समजून घेत होते, की त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना खरंच पाऊस आठवत होता. मावशीनं त्यांना काय झालं ते सांगितलं असणार, पण माझं नाव आणि पडदे हे दोन शब्द एकत्र आल्यावर त्यांच्या डोक्यात तो पाऊस आपोआप पडला. तो आता थांबायचा नाही. माझ्या लग्नातही कुणीतरी सांगेल, दोनदा माल भिजवलेला पोरीनं.

फोनमधून वडील म्हणाले, "दादा म्हणतोय तसं करा."

आईनं कप खाली ठेवला. फोनमध्ये बघून म्हणाली, "वरचं सहा मजलं हिरवं हायती. त्ये बी सांगा की कुणीतरी." मग सरळ तात्यांकडे बघून, मला मध्ये न घेता, "गुरवारी दुसरा प्लॉट उतरतोय. मीच घालनार हाय. ह्यो माल लाल पडला तर सगळं तुमचं. तवर न्हाई."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी पोचवेन म्हणून. पोचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते उठले, चटईवरचा बेदाणा तसाच राहिला. फोनमधून वडील दोनदा हॅलो म्हणाले.

मला वाटलं होतं आता आई मला शेडात पाऊल टाकू देणार नाही. किंवा जवळ घेऊन म्हणेल, जाऊ दे. तिनं दोन्ही केलं नाही. गुरुवारी पहाटेपासून क्रेट यायला लागले. मी कंपनीत सुट्टी टाकली होती. घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, निथळायचे, जाळीवर ठेवायचे. आई एका बाजूला, मी एका बाजूला, मावशी मधे. सकाळभर आईनं माझ्याशी कामापलीकडे एक शब्द काढला नाही. घड पालथा ठेवू नको. दाट टाकू नको. मी पालथा ठेवत नव्हते, दाट टाकत नव्हते. तिचं तसं बोलणं मला इतकं लागत होतं की मी हळूहळू खरंच दाट टाकायला लागले. मग ती परत म्हणाली आणि मी हातातला घड क्रेटमध्ये टाकून दिला.

"काय झालं?"

"काही नाही."

मावशी म्हणाली, "मायलेकी दोघी बी भांडून घ्या येकदा, मी तंबाकू खाऊन येते." ती खरंच गेली.

दुपारी सगळा माल चढला. आभाळ कोरडं होतं, वारा चांगला होता. आईनं हात धुतले, पदरानं पुसले आणि म्हणाली, "मी जेवून येते."

मी वाट बघितली. आता ती सांगेल, पडदे, ढग, खालचे मजले, एवढं झालं की तेवढं कर. तिनं काहीच सांगितलं नाही. नुसती चपला घालून बांधावरून घराकडे गेली.

मी शेडच्या मधोमध उभी राहिले. हे काय होतं ते मला ठरवता येईना. आता माझ्यावर सोडलं असं समजायचं, की मला काही सांगून उपयोग नाही असं? फोन काढला, ठेवला. एकदा सगळ्या मजल्यांवरून हात फिरवत गेले. वारा सगळीकडे लागत होता. करायला काही नव्हतं, आणि काही नसताना तिथं नुसतं उभं राहणं मला कधी जमलेलं नाही.

दहा मिनिटांत ती बांधावर परत दिसली. एवढ्यात कुणाचं जेवण होत नाही. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, दोघींपुरत्या.